केनिया, युगांडा, टांझानिया: एकदा मोडलेल्या संघाचा दुसरा डाव

दर वर्षी लाखो विल्डबीस्ट (बैलासारखं तोंड असलेली मोठी हरणं) टांझानियाच्या सेरेंगेटी अभयारण्यातून केनियाच्या मसाई मारा अभयारण्यात जातात आणि पाऊस फिरला की परत येतात. मधे दोन देशांची सीमा आहे, पण त्यांना अडवणारं कुंपण नाही. याच सीमेवर बोलोगोंजा नावाचं नाकं आहे. एके काळी पर्यटकांच्या गाड्या इथूनच ये-जा करायच्या. १९७७ साली टांझानियाने ते बंद केलं आणि पर्यटकांसाठी ते अजूनही उघडलेलं नाही. मारात उभं राहून समोर दिसणाऱ्या सेरेंगेटीत जायचं असेल, तर पश्चिमेकडे इसेबानियाला नाहीतर पूर्वेकडे नामांगाला लांबलचक वळसा घालावा लागतो.

हे दोन देश एकमेकांचे शत्रू नाहीत. त्यांच्यात कधी युद्ध झालेलं नाही. स्वाहिली दोघांची भाषा आहे, आणि दोघंही 'पूर्व आफ्रिकी समुदाय' या संघाचे संस्थापक सभासद आहेत. संघाची सामायिक बाजारपेठ आहे, स्वतःचं न्यायालय आणि विधानसभा आहे, पासपोर्टही एकाच नमुन्याचा आहे. तरीही एक नाकं जवळपास पन्नास वर्षं बंद राहतं. का, हे समजून घ्यायचं तर हा संघ आधी एकदा कसा मोडला तिथून सुरुवात करावी लागते. शेजारी देश एकत्र का येतात आणि एकत्र येऊनही का भांडतात, याचं इतकं लख्ख उदाहरण दुसरं सापडणं कठीण.

नफा नैरोबीत

१८९६ मध्ये ब्रिटिशांनी मोंबासा बंदरातून आत रेल्वे टाकायला घेतली. १९०१ मध्ये रूळ व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, आजच्या किसुमूला पोचले. त्यासाठी हिंदुस्थानातून तीस हजारांहून जास्त मजूर नेले होते, त्यातले बहुतेक पंजाबचे. सुमारे अडीच हजार जण तिथेच मेले. मागोमाग गोव्यातून गेलेल्या कुटुंबांनी तिथल्या सरकारी कचेऱ्यांमधल्या कारकुनीच्या जागा भरल्या. पूर्व आफ्रिकेच्या कारभारात गोवेकरांचा हात पिढ्यान्‌पिढ्या होता.

या रेल्वेचं नाव 'युगांडा रेल्वे', पण रूळ होते आजच्या केनियात. १८९९ मध्ये वाटेतल्या दलदलीजवळ रेल्वेचा डेपो पडला, त्याचंच पुढे नैरोबी शहर झालं. केनियाच्या थंड डोंगराळ भागात गोरे मळेवाले स्थायिक झाले आणि त्यांच्यासाठी बँका, गोदामं, कारखाने आले. शेजारचा टांगानिका, म्हणजे आजच्या टांझानियाचा मुख्य भूभाग, पहिल्या महायुद्धापर्यंत जर्मनांकडे होता. ब्रिटिशांच्या हाती आल्यावरही त्यांनी तिथे फारसा पैसा ओतला नाही. युगांडा तर समुद्रापासून शेकडो मैल आत. म्हणजे स्वातंत्र्य यायच्या आधीच पारडं एका बाजूला झुकलेलं होतं.

ब्रिटिशांनी सोयीसाठी तिन्ही वसाहतींचा कारभार बराचसा एकत्र ठेवला होता. रेल्वे, बंदरं, पोस्ट, विमान कंपनी आणि आयकर खातं सामायिक, चलनही एकच, पूर्व आफ्रिकी शिलिंग. टांगानिका १९६१ मध्ये, युगांडा १९६२ मध्ये आणि केनिया १९६३ मध्ये स्वतंत्र झाला, तेव्हा हे सगळं तयार हातात आलं. टांगानिकाचे ज्युलियस न्येरेरे तर इतके उत्सुक होते, की तिघांचं एक संघराज्य होणार असेल तर आपलं स्वातंत्र्य पुढे ढकलायलाही ते तयार होते. जून १९६३ मध्ये न्येरेरे, केनियाचे जोमो केन्याटा आणि युगांडाचे मिल्टन ओबोटे यांनी तसं संघराज्य करायचं जाहीरही केलं. ते झालं नाही. १९६६ मध्ये तिघांनी आपापलं चलन काढलं.

अडचण कुठे होती हे समजायला एक साधा हिशेब मांडून बघू. आकडे माझे, कल्पनेतले. समजा, जपानहून आलेला शर्ट टांझानियाच्या दार-एस-सलाम बंदराच्या धक्क्यावर दहा शिलिंगला पडतो आणि त्यावर तीन शिलिंग जकात आहे. दुकानात तो तेराला मिळेल. नैरोबीच्या कारखान्यातला शर्ट बारा शिलिंगचा, पण बाजारपेठ सामायिक असल्याने त्याला जकात नाही. गिऱ्हाईक साहजिकच बारावाला घेणार आणि एक शिलिंग वाचल्याच्या आनंदात घरी जाणार. टांझानियाच्या तिजोरीत येणारे तीन शिलिंग मात्र गेले. देश म्हणून बघितलं तर दहा शिलिंगच्या वस्तूला बारा मोजले आणि वरचे दोन नैरोबीच्या कारखानदाराला दिले. शर्टांच्या जागी साबण, बिस्किटं, चपला, सिमेंट धरा आणि हाच हिशेब वर्षानुवर्षं चालू द्या. 'सामायिक बाजारपेठेने सगळ्यांचा फायदा होतो' हे वाक्य नैरोबीत जितकं खरं वाटायचं, तितकं ते दार-एस-सलामला किंवा युगांडाच्या राजधानीत, कंपालाला का वाटत नव्हतं, ते लक्षात येईल.

यावर उपाय शोधलेच नाहीत असं नाही. १९६४-६५ मध्ये कुठला कारखाना कुठे काढायचा याची वाटणी ठरली. टायरचा कारखाना टांझानियाकडे गेला. पण केनियाने स्वतःकडेही टायरचा कारखाना काढू दिला. तिन्ही देशांची मिळून एका कारखान्याइतकी गिऱ्हाइकी, तिथे दोन कारखाने.

तीन खुर्च्या, त्यातली एक रिकामी

६ जून १९६७ रोजी कंपालात करार झाला आणि 'पूर्व आफ्रिकी समुदाय' रीतसर जन्माला आला. करार विचारपूर्वक लिहिलेला होता. मुख्यालय टांझानियातल्या अरुशाला. बंदरांचं महामंडळ दार-एस-सलामला, पोस्ट आणि टेलिफोन कंपालाला, रेल्वे आणि विमान कंपनी नैरोबीला. मागे राहिलेल्या देशाला आपल्या नव्या कारखान्यांच्या संरक्षणासाठी शेजाऱ्याच्या मालावर काही काळ कर लावायची मुभा दिली होती. विकास बँक काढली, ती कंपालाला, आणि तिने युगांडा-टांझानियाला झुकतं माप द्यायचं ठरलं.

पण सगळ्यात वरचा निर्णय तिन्ही राष्ट्राध्यक्षांनी एकत्र बसून घ्यायचा होता. हाच करारातला कच्चा दुवा. तिघांचं पटेल तोवर गाडी चालणार, आणि पटलं नाही तर काय करायचं याचं उत्तर कुठेच लिहिलेलं नव्हतं.

त्याच वर्षी फेब्रुवारीत न्येरेरेंनी अरुशा जाहीरनामा काढून समाजवादाची वाट धरली होती. बँका आणि मोठे उद्योग सरकारच्या ताब्यात घेतले, शेतीत सामूहिक गावांचा प्रयोग सुरू केला. केनिया उलट दिशेने, खाजगी भांडवल आणि परदेशी कंपन्या बोलावत निघाला होता. एकाच विमान कंपनीच्या संचालक मंडळात एक देश म्हणणार नफ्याचे मार्ग वाढवा, दुसरा म्हणणार आतल्या गावांना सेवा द्या. असे वाद तरी चर्चेने मिटले असते.

जे मिटलं नाही ते २५ जानेवारी १९७१ रोजी घडलं. ओबोटे राष्ट्रकुल परिषदेसाठी सिंगापूरला गेलेले असताना इदी अमीनने लष्करी बंड करून युगांडा ताब्यात घेतला. न्येरेरेंनी ओबोटेंना आसरा दिला आणि अमीनबरोबर एका टेबलाशी बसायला साफ नकार दिला. त्यानंतर तिन्ही राष्ट्राध्यक्षांची बैठक पुन्हा झालीच नाही. अमीनच्या राजवटीत पुढे जे रक्त सांडलं ते पाहता न्येरेरेंचा नकार मला नैतिकदृष्ट्या योग्यच वाटतो. पण ज्या संस्थेचा सगळा भार तीन माणसांच्या एकत्र बसण्यावर होता, तिचं कामकाज त्या दिवसापासून थांबलं. सहा वर्षं कारकून फायली सरकवत राहिले. वर निर्णय घेणारं कोणी नव्हतं.

१९७६ च्या फेब्रुवारीत अमीनने केनियाच्या पश्चिम भागावर हक्क सांगितला. तो भाग १९०२ पर्यंत युगांडाच्या हद्दीत होता, हे खरं. पण त्यासाठी सत्तर वर्षांपूर्वीचा नकाशा बाहेर काढणं म्हणजे भांडण उकरून काढणंच. मोंबासाच्या गोदी कामगारांनी युगांडाचा माल हाताळायचं थांबवलं. समुद्र नसलेल्या देशाची नाडी कुठे असते, ते कंपालाला तेव्हा कळलं.

शेवटचा घाव विमान कंपनीवर बसला. तिन्ही देश आपापले पैसे रोखून धरत होते, कंपनी कर्जात बुडालेली होती. जानेवारी १९७७ च्या अखेरीस विमानं जमिनीवर उतरली ती उतरलीच. फेब्रुवारीच्या सुरुवातीला केनियाने स्वतःची 'केनिया एअरवेज' सुरू केली आणि टांझानियाने लगेच केनियाची सीमा बंद केली. केनियाच्या कंपन्यांच्या पर्यटक गाड्या आणि छोटी विमानं टांझानियातच अडकवून ठेवली, पर्यटकांचे हाल झाले. यामागे जुना राग होता. सेरेंगेटीतले सिंह आणि किलिमांजारो टांझानियाचे, पण पर्यटक नैरोबीला उतरणार, नैरोबीच्या गाडीत बसणार आणि पैसे नैरोबीत मोजणार. बोलोगोंजाचं नाकं बंद झालं ते या रागातून. सीमा बाकी ठिकाणी १९८३ च्या नोव्हेंबरात उघडली, पण टांझानियाच्या पर्यटन व्यवसायाला आजही वाटतं की हे एक दार उघडलं तर पुन्हा सगळा पैसा नैरोबीला जाईल.

३० जून १९७७ रोजी आर्थिक वर्ष संपलं. पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक मंजूर झालेलंच नव्हतं. पूर्व आफ्रिकी समुदाय असा कागदावर संपला. त्यानंतर सव्वा वर्षाने अमीनने टांझानियाच्या कागेरा भागात सैन्य घुसवलं आणि त्या युद्धाचा शेवट एप्रिल १९७९ मध्ये टांझानियाचं सैन्य कंपालात शिरण्याने झाला.

मागे राहिली वाटणी. तिच्याबद्दल फारसं लिहिलं जात नाही, पण सामान्य माणसांना त्या मोडतोडीची झळ लागली ती इथे. इंजिनं कोणाची? डबे कोणाचे? एका देशात बांधलेली पण तिघांच्या पैशाने उभी राहिलेली कार्यशाळा कोणाची? कर्ज कोण फेडणार? व्हिक्टर उम्ब्रिख्त नावाचे स्विस मुत्सद्दी मध्यस्थ म्हणून नेमले गेले, त्यांची वर्षं यात गेली. १४ मे १९८४ रोजी करार झाला: केनियाला ४२ टक्के, टांझानियाला ३२ टक्के, युगांडाला २६ टक्के. ज्याच्या हद्दीत जे होतं ते साधारण त्यालाच राहिलं आणि वाट्यापेक्षा कमी मिळालेल्या युगांडाला भरपाई द्यायची ठरली. तिन्ही देशांत विखुरलेल्या हजारो कर्मचाऱ्यांच्या पेन्शनचं घोंगडं मात्र भिजत पडलं. टांझानियातल्या जुन्या कर्मचाऱ्यांची लढाई २००० नंतरही कोर्टात आणि दार-एस-सलामच्या रस्त्यांवर चालू होती. आयुष्यभर रेल्वेत किंवा पोस्टात राबलेली माणसं म्हातारपणी हक्काच्या पैशासाठी रस्ता अडवून बसली होती.

त्याच वाटणीच्या करारात उम्ब्रिख्तांच्या चिकाटीने एक कलम राहिलं: पुढे सहकार्याच्या वाटा शोधाव्यात. विकास बँक, विद्यापीठांची परिषद आणि सोरोटीची वैमानिक शाळा टिकल्या होत्या. तेवढ्या धाग्यावर पुढचं सगळं विणलं गेलं.

दुसरा डाव

३० नोव्हेंबर १९९९ रोजी अरुशात नवा करार झाला आणि जुलै २००० पासून तो लागू झाला. २००५ मध्ये जकात संघ आला: बाहेरून येणाऱ्या मालावर सगळ्यांची एकच जकात, आपसात मुक्त व्यापार. २०१० मध्ये सामायिक बाजारपेठ आली. रवांडा आणि बुरुंडी २००७ मध्ये आत आले, दक्षिण सुदान २०१६ मध्ये, काँगो २०२२ मध्ये. सोमालियाचा प्रवेश २०२४ मध्ये पूर्ण झाला. आता आठ देश आहेत.

मूळ तिघांमधली चढाओढ संपलेली नाही. फक्त ती आता कारखान्यांपेक्षा बंदरं आणि वाटा यांवरून चालते.

युगांडात २००६ मध्ये अल्बर्ट सरोवराजवळ तेल सापडलं. ते समुद्रापर्यंत न्यायचं कसं? २०१२ मध्ये केनियालाही आपल्या उत्तरेकडच्या तुर्काना भागात तेल लागलं, तेव्हा दोघांची मिळून एक पाइपलाइन केनियाच्या लामू बंदरापर्यंत न्यावी असं ठरत आलं होतं. ऑगस्ट २०१५ मध्ये युगांडाचे राष्ट्राध्यक्ष मुसेवेनी आणि केनियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष उहुरू केन्याटा यांनी त्याला होकारही दिला. एप्रिल २०१६ मध्ये युगांडाने पलटी मारली आणि टांझानियाच्या टांगा बंदराची वाट निवडली. लामूजवळ सोमालियातल्या अल-शबाब संघटनेच्या हल्ल्यांची भीती होती. केनियात जमीन संपादन म्हणजे वर्षानुवर्षांचे खटले, तर टांझानियात जमिनीची मालकी सरकारकडे असते. फ्रेंच तेल कंपनीचा कलही टांगाकडेच होता. ही पाइपलाइन १,४४३ किलोमीटर लांबीची, त्यातली बरीचशी टांझानियात. तेल इतकं मेणचट आहे की वाटेत ते गोठू नये म्हणून सगळी नळी तापती ठेवावी लागते. ज्यांच्या जमिनीतून ती जाते त्या शेतकऱ्यांच्या आणि पर्यावरणाच्या प्रश्नांवर स्वतंत्र लेख लिहावा लागेल. मुसेवेनींनी मात्र दशकांचा जुना धडा गिरवला: एकाच शेजाऱ्याच्या बंदरावर अवलंबून राहायचं नाही. २००८ च्या जानेवारीत केनियातल्या निवडणुकीनंतरच्या दंगलीत नैरोबीच्या किबेरा वस्तीत जमावाने रेल्वेचे रूळ उखडले, तेव्हा कंपालाच्या पेट्रोलपंपांवर खडखडाट झाला होता.

रेल्वेचंही तेच. केनियाने चीनच्या कर्जातून मोंबासा ते नैरोबी नवी रेल्वे २०१७ मध्ये सुरू केली, पुढे ती नैवाशापर्यंत नेली आणि तिथेच पैसे संपले. युगांडाची सीमा अजून शेकडो किलोमीटर लांब होती. टांझानियाने तुर्की कंपनीला हाताशी धरून विजेवर धावणारी रेल्वे बांधली, ती २०२४ मध्ये दार-एस-सलामहून राजधानी दोदोमापर्यंत धावू लागली. युगांडाने त्याच वर्षी त्याच तुर्की कंपनीशी कंपालापासून केनियाच्या सीमेवरच्या मलाबापर्यंतच्या रेल्वेचा करार केला. दोन बंदरांमागे दोन रेल्वे उभ्या राहतायत, आणि दोघींचा डोळा एकाच मालावर आहे: युगांडा, रवांडा आणि पूर्व काँगोचा माल. या स्पर्धेने भाडं उतरलं तर आतल्या देशांचा फायदाच. पण कर्ज काढून बांधलेल्या दोन अर्ध्या रिकाम्या रेल्वे चालवणं या देशांना परवडणारं नाही.

२०१३ मध्ये तर केनिया, युगांडा आणि रवांडा टांझानियाला बाजूला ठेवून वेगळ्या बैठका घ्यायला लागले होते. टांझानियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष किक्वेते यांनी संसदेत उभं राहून सांगितलं, की आम्ही संघ सोडणार नाही. ते त्यांना बोलून दाखवावं लागलं, यावरून हवा कशी होती ते कळतं.

मोठ्या भांडणांपेक्षा लहान भांडणं जास्त बोलतात. ऑक्टोबर २०१७ मध्ये टांझानियाने केनियातल्या मसाई गुराख्यांची, चरत सीमेपलीकडे आलेली सुमारे १,३०० गुरं जप्त करून लिलावात विकली. मसाई लोक ही सीमा आखायच्या आधीपासून गवतामागे फिरतात. त्याच सुमारास नामांगाहून बेकायदा आणलेली ६,४०० कोंबडीची पिल्लं टांझानियाच्या अधिकाऱ्यांनी जिवंत जाळली. कारण दिलं बर्ड फ्लूचं. मार्च २०२१ मध्ये केनियाने युगांडा आणि टांझानियाचा मका बुरशीच्या विषाचं कारण देऊन अडवला. ते विष मक्यात असतं हे खरंच आहे आणि ते घातकही आहे, पण केनियाच्या स्वतःच्या मक्यातही ते सापडतं. युगांडाचं स्वस्त दूधही असंच केनियाच्या सीमेवर वरचेवर अडलं. जकात शून्य झाली की अडवणुकीची हत्यारं बदलतात: तपासणी, परवाना, प्रमाणपत्र, आरोग्य. प्रत्येक नियम सुटा बघितला तर रास्त वाटतो. नेमका आपल्या शेतकऱ्याचं पीक बाजारात आल्यावर तो आठवतो, तेव्हा त्याचा हेतू उघडा पडतो.

व्हिक्टोरिया सरोवरातल्या मिगिंगो बेटाचा वाद मला यात सगळ्यात बोलका वाटतो. बेट म्हणजे एक खडक, अर्ध्या एकराहूनही लहान. पत्र्याच्या खोपट्यांनी तो इतका भरलेला की वरून बघताना दगड दिसतच नाही. २००९ च्या केनियाच्या जनगणनेत तिथे १३१ माणसं मोजली. शेजारीच उसिंगो नावाचं त्याहून मोठं बेट ओसाड आहे. गर्दी इथेच, कारण भोवतीच्या खोल पाण्यात नाईल पर्च हा निर्यातीचा मासा मिळतो. २००४ पासून युगांडाचे पोलीस तिथे येऊन केनियाच्या कोळ्यांकडून कर वसूल करू लागले आणि दोन्ही देशांत झेंड्याचं राजकारण पेटलं. २००९ मध्ये मुसेवेनींनी मान्य केलं, की बेट केनियाचं आहे, पण भोवतालचं पाणी युगांडाचं. सरोवराचा जेमतेम सहा टक्के भाग केनियाकडे आहे, म्हणून केनियाचा कोळी माशामागे जाताना हद्द ओलांडणारच. तिघांनी मिळून मासेमारीचे परवाने दिले तर खडक कोणाचा हा प्रश्न उरत नाही. पण परवान्याच्या हिशेबावर मतं मिळत नाहीत, खडकावर मिळतात.

जे चालतं ते

बुसिया हे केनिया आणि युगांडाच्या सीमेवरचं जोडगाव. एकाच नावाची वस्ती दोन्ही बाजूंना. पूर्वी मोंबासाहून निघालेला ट्रक आधी केनियाच्या कचेरीत थांबायचा, मग मधल्या पट्ट्यातून जाऊन पुन्हा युगांडाच्या कचेरीत तेच कागद दाखवायचा. रांगा कित्येक किलोमीटरच्या, मुक्काम कित्येक दिवसांचा. आता तिथे एकच थांबा आहे. युगांडाकडे जाणारा ट्रक केनियाच्या बाजूला थांबतच नाही. तो पलीकडे जाऊन उभा राहतो आणि एकाच इमारतीत दोन्ही देशांचे अधिकारी शेजारी बसून त्याचे कागद तपासतात. येताना याच्या उलट. मोठ्या मालाचं काम तर आणखी आधी होतं: युगांडाचे जकात अधिकारी मोंबासा बंदरातच बसतात, कर तिथेच भरला जातो, आणि कंटेनरला इलेक्ट्रॉनिक सील लागतं, म्हणजे वाटेत कुठे उघडला तर लगेच कळतं. मोंबासा ते कंपाला या प्रवासाला आधी अठरा दिवस लागायचे, ते चार-पाच दिवसांवर आलं. या संघाने काय कमावलं असं कोणी विचारलं, तर मी आधी बुसियाचं नाव घेईन. त्यामागे राष्ट्राध्यक्षांचं भाषण कमी आणि दोन्हीकडच्या जकात खात्यातल्या माणसांनी वर्षानुवर्षं एकेक फॉर्म जुळवल्याची मेहनत जास्त आहे.

छोट्या व्यापाऱ्यांसाठीही सोय आहे. दोन हजार डॉलरपर्यंतचा, याच देशांत पिकलेला माल असेल तर सीमेवरच एक साधं प्रमाणपत्र मिळतं आणि जकात लागत नाही. टोमॅटो, कांदे, अंडी, जुने कपडे घेऊन रोज सीमा ओलांडणाऱ्यांत बायकाच जास्त. तरीही त्यांतल्या कितीतरी जणी अजून आडवाटेने जातात. अशा आडवाटांना तिथे 'पान्या रूट' म्हणतात. कोणाला नियमच माहीत नसतो, कोणाला कचेरीत जायची भीती वाटते, आणि वाटेत अडवून पैसे मागणारे दोन्ही वाटांवर असतातच. जुलै २०२५ मध्ये टांझानियाने परदेशी लोकांना पंधरा प्रकारचे छोटे धंदे करायला बंदी घातली: मोबाइल दुरुस्ती, सलून, मोबाइलवरून पैसे पाठवायचं दुकान, पर्यटक गाइड. यात केनियाचे लोकही आले. सामायिक बाजारपेठेच्या कराराने त्यांना धंद्याचा हक्क दिला होता. तो नुसता कागदावर उरला.

आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. युगांडाचे विरोधी नेते किझ्झा बेसिग्ये नोव्हेंबर २०२४ मध्ये नैरोबीत गायब झाले आणि चार दिवसांनी कंपालातल्या लष्करी न्यायालयात उभे केलेले दिसले. मे २०२५ मध्ये टांझानियातल्या विरोधी नेत्यावरचा खटला बघायला गेलेल्या केनियाच्या माजी मंत्री मार्था करुआ यांना दार-एस-सलामच्या विमानतळावरूनच परत पाठवलं. दुधाच्या पिशवीला सीमेवर महिनोन्‌महिने अडवणारी सरकारं एकमेकांच्या विरोधकांच्या बाबतीत फार तत्पर दिसतात. नागरिकांसाठी बनवलेला संघ राज्यकर्त्यांच्या सोयीचा होत जाणं मला कुठल्याही जकातीपेक्षा जास्त घातक वाटतं.

दुसऱ्या डावातही संघाचं मर्मस्थान तेच राहिलं आहे. निर्णय राष्ट्राध्यक्षांच्या शिखर बैठकीत, तोही सर्वानुमते. नोव्हेंबर २०१८ मध्ये रवांडाशी बिनसलेल्या बुरुंडीने प्रतिनिधीच पाठवला नाही, म्हणून इतर सगळे आलेले असूनही बैठक पुढे ढकलावी लागली. रवांडाने २०१९ पासून जवळपास तीन वर्षं युगांडाच्या सीमेवरचं गातुना नाकं बंद ठेवलं, संघ बघत राहिला. काँगोत 'एम २३' या बंडखोर गटाला रवांडाचं पाठबळ आहे असं काँगो आणि संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ सांगतात, रवांडा ते नाकारतो. संघाने २०२२ मध्ये स्वतःचं सैन्य तिथे पाठवलं. वर्षभरात काँगोनेच त्याला परत जायला सांगितलं, कारण ते बंडखोरांशी लढत नव्हतं. जानेवारी २०२५ मध्ये पूर्व काँगोतलं गोमा शहर या बंडखोरांच्या हाती पडलं, तेव्हा केनियाने तातडीने बोलावलेल्या बैठकीला काँगोचे राष्ट्राध्यक्ष त्शिसेकेदी हजरच राहिले नाहीत. एक चलन आणायची मुदत २०२४ ची होती, ती आता २०३१ वर गेली आहे. सभासदांच्या वर्गण्या थकतात आणि अरुशातल्या विधानसभेला अधिवेशन भरवायला पैसे उरत नाहीत.

माझ्या मते इथे चलनापेक्षा आणि नव्या सभासदांपेक्षा एक साधी दुरुस्ती जास्त निकडीची आहे: एक सभासद गैरहजर राहिला म्हणून बैठक अडू नये, आणि नाकं बंद करण्यासारखं करारभंगाचं प्रकरण राष्ट्राध्यक्षांच्या मर्जीवर न ठेवता अरुशाच्या न्यायालयात जाऊन तिथला निकाल पाळणं बंधनकारक व्हावं. न्यायालय आहे, न्यायाधीश आहेत, सदस्य देशांविरुद्ध निकालही त्यांनी दिले आहेत. अंमलबजावणी मात्र हरलेल्या सरकारच्याच हातात असते. करारात असा बदल करायचा तर त्यालाही सगळ्या सभासद देशांची संमती लागते, आणि त्या संमतीवर सही करणारे तेच आठ राष्ट्राध्यक्ष आहेत.